हे घर तुमच्यापर्यंत आलंच कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहत्या शहरात दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. तिथे किमती आता इतक्या वाढल्यात की नवीन घर घेतलं तर भाड्यातून काहीच सुटत नाही. एका दूरच्या शहरात, जिथे प्रश्नकर्ते एकदाही गेलेले नाहीत, एक एजंट तयार फ्लॅट दाखवतोय. आत भाडेकरू आहे, परतावा ९ टक्के सांगितला जातोय, आणि शुक्रवारपर्यंत टोकन दिलं तरच हा भाव मिळेल असं तो म्हणतो. अनोळखी बाजारात उतरताना नेमकं काय बघायचं?

टोकनचं शेवटी बोलू. मी बावीस वर्षं हेच काम करते, त्यातली चौदा वर्षं स्वतःच्या शहराबाहेर. कोणताही नवा सौदा समोर आला की मी आधी एवढंच विचारते: हे घर माझ्यापर्यंत आलंच कसं?

आपल्या ओळखीच्या भागात चांगलं घर विकायला निघालं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी शेजाऱ्याला कळतं. मग आत राहणाऱ्या भाडेकरूला विचारतात. मग एजंट त्याच्या नेहमीच्या चार-पाच गिऱ्हाइकांना फोन करतो, जे दोन दिवसांत पैसे काढून देतात. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. जे घर या सगळ्यांना ओलांडून शेकडो मैलांवरच्या माणसाच्या मोबाइलवर येतं, त्याला वाटेत कुणीतरी 'नको' म्हटलेलं असतं. आता 'नको' म्हणायला साधी कारणंही असतात. तिथे कर्ज मिळत नसेल, चार वारसांना हिस्से मोकळे करायची घाई असेल, विकणारा दुसऱ्या देशात निघाला असेल. चालेल. पण कारण नेमकं कोणतं ते तुम्हाला चार शब्दांत सांगता यायला हवं. ते सांगता येत नाही तोवर बाकी आकडेमोड कोऱ्या पाटीवरची आहे.

हा माझा नुसता संशय नाही. अमेरिकेत २००८ च्या आधीच्या तेजीतल्या खरेदीखतांच्या नोंदी तपासून अलेक्स चिंको आणि क्रिस्तोफर मेयर या दोघांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरगावच्या लोकांनी घेतलेल्या दुसऱ्या घरांवर स्थानिक गुंतवणूकदारांपेक्षा कमी नफा सुटला होता, आणि विकायची वेळ साधण्यातही ते मागे पडले होते. बाहेरचा माणूस मूर्ख असतो असा याचा अर्थ नाही. तो स्वतःच्या शहरातला भाव डोक्यात ठेवून दुसऱ्या शहरात जातो, आणि तिथलं सगळंच त्याला स्वस्त वाटतं. तुमच्या प्रश्नातही पहिलं वाक्य तुमच्या शहरातल्या किमतींचं आहे. त्या किमतींचा या फ्लॅटशी काहीही संबंध नाही.

आता ९ टक्क्यांकडे येते. आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो कशाला कशाने भागून काढलाय ते बघा. घराची किंमत १००० धरू आणि महिन्याचं भाडं साडेसात. वर्षाचे ९० झाले, म्हणजे ९ टक्के. एजंट इथे थांबतो. आपण पुढे जाऊ. वर्षातला एक महिना घर रिकामं जाईल, साडेसात गेले. तुमच्या वतीने घर सांभाळणारा मॅनेजर जमा झालेल्या भाड्याच्या दहा टक्के घेतो, सव्वाआठ गेले. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि नवा शोधून देण्याचं एक महिन्याचं भाडं जातं, म्हणजे वर्षाला पावणेचार. मालमत्ता कर ९. विमा ४. इमारतीचा मेंटेनन्स ८. नळ, रंग, गिझर, दाराची बिजागरी असली किरकोळ दुरुस्ती ८. छत, लिफ्ट, जुन्या पाइपलाइन यांच्यासाठी बाजूला ठेवायचे ७. बेरीज करा: साडेपंचावन्न. हातात साडेचौतीस उरले. शिवाय घर तुम्हाला १००० ला पडलेलंच नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, तपासणी यांचे ७० आणि पहिल्याच वर्षीच्या डागडुजीचे ३० धरले की ११०० लागले. साडेचौतीसला ११०० ने भागलं तर परतावा येतो ३.१ टक्के. त्यावर ६ टक्क्यांनी कर्ज काढलंत तर उसन्या घेतलेल्या प्रत्येक रुपयावर तुम्ही पदरचे घालताय.

माझे आकडे घेऊ नका, तिथले घ्या. पण रकाने एवढेच ठेवा, एकही गाळू नका. मालमत्ता कराच्या रकान्यात विशेष लक्ष घाला. अनेक ठिकाणी विक्री झाली की घराचं मूल्यांकन नव्या किमतीने होतं आणि कर एका उडीत वाढतो. जुन्या मालकाची पावती बघून बजेट आखणारे तिथे फसतात. विम्याचंही तेच. पूर, वादळ किंवा वणव्याच्या पट्ट्यात विक्रेत्याचा जुना हप्ता काही कामाचा नाही. तुमच्या नावाने नवा भाव काढून घ्या, तोही खरेदीच्या आधी.

भाड्याचा आकडा पडताळायची एक युक्ती सांगते, हिला फक्त दोन फोन लागतात. त्या इमारतीजवळच्या, तुमच्या एजंटशी संबंध नसलेल्या दोन एजंटांना भाडेकरू म्हणून फोन करा. "त्या रस्त्यावर दोन खोल्यांचं घर हवंय, माझ्या बजेटमध्ये बसेल का?" एवढंच विचारा. गुंतवणूकदाराला सांगितलेलं भाडं आणि भाडेकरूला सांगितलेलं भाडं यांत मला एकदा पंधरा टक्क्यांचा फरक सापडला होता, आणि तोही एकाच कार्यालयाच्या दोन माणसांकडून. नंतर कळलं की आतल्या भाडेकरूला पहिले तीन महिने फुकट देऊन करारावर चढं भाडं लिहून घेतलं होतं. करार खरा, सही खरी, भाडं मात्र कागदावरचं. म्हणून 'भाडेकरू आधीच आहे' याने निश्चिंत होऊ नका. गेल्या बारा महिन्यांचं भाडं बँकेत जमा झाल्याचं दाखवा म्हणा. अनामत रक्कम कुणाकडे आहे, ती खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे कशी येणार, हे लिहून घ्या. आणि भाडेकरूला स्वतः भेटा. तो पाच मिनिटांत जे सांगतो ते तपासणी अहवालाच्या तीस पानांत नसतं.

भेटायला जायचं म्हणजे तिथे जावंच लागेल. व्हिडिओ कॉलवर घर घेतलेले लोक मला माहीत आहेत, त्यातले दोघे आजही सुखात आहेत. तरी जा. निदान तीन रात्री राहा, आणि त्यातला एक दिवस सुट्टीचा असू द्या. एजंटच्या गाडीत बसू नका. तो चांगल्या रस्त्याने नेतो आणि चांगल्या रस्त्याने परत आणतो. पायी फिरा. रात्री साडेआठला इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. चाळीसपैकी चौदा दिसले तर भाड्याचा आकडा विसरा. टपालपेट्या बघा. सहा महिन्यांची जाहिरातपत्रकं कोंबलेल्या पेट्या म्हणजे मालक बाहेरचे आणि आत कुणी नाही. जिन्यात लिफ्ट दुरुस्तीची सूचना कधीपासून लागली आहे, तारीख वाचा. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लावलेली असेल तर फोटो काढा. निम्म्या मालकांनी पैसे थकवलेल्या इमारतीत छत गळायला लागलं की खर्च पैसे भरणाऱ्यांवरच पडतो. भिंतीवर तळाशी पांढरट रेषा दिसते का बघा, तिथपर्यंत कधीतरी पाणी आलेलं असतं. त्या भिंतीवरच फक्त ताजा रंग असेल तर आणखीच थांबा.

घरापेक्षा गाव मोठं. तिथली माणसं कशावर जगतात? एकाच कारखान्यावर, एकाच खाणीवर, एकाच विद्यापीठावर असतील तर तुम्ही घर घेत नाही, त्या कारखान्याचा भागच घेताय, फक्त तो शेअर बाजारात विकता येत नाही. डेट्रॉइटचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातला आपल्या उपयोगाचा धडा वेगळा आहे. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते, २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही आत आले, आणि जुलै २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या काळात थकीत करापोटी जप्त झालेल्या घरांचे लिलाव ५०० डॉलरपासून सुरू व्हायचे आणि जगभरातले लोक घरबसल्या ती उचलत होते. स्वस्त होती ना! पण लोक निघून गेले तरी घरं जागेवरच राहतात. मागणीपेक्षा घरं जास्त झाली की किंमत बांधकाम खर्चाच्या खाली जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहते. त्यात घरांच्या किमती कोसळल्या तरी करासाठीचं मूल्यांकन त्या वेगाने खाली आलं नव्हतं. खरेदी ५०० ची, कर मात्र जुन्या शहराचा. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यातली कित्येक जवळजवळ फुकट मिळतात, आणि तिथली वारसदार मुलंच ती घ्यायला नाखूश असतात. 'नको' कुणी म्हटलं हे इथे शोधावंही लागत नाही.

उलटी बाजूही बघा, म्हणजे नवीन घरं किती येताहेत ती. गावाभोवती मोकळी, सपाट, बांधकामाला खुली जमीन असेल तर भाव फार वर जात नाहीत, कारण भाव वाढला की शेजारी नवी इमारत उभी राहते. बांधकाम परवान्यांचे आकडे बहुतेक ठिकाणी स्थानिक कार्यालयात मिळतात, ते मागवा. सरकार एखाद्या भागात घर घ्यायला करसवलत देत असेल तर मी दुप्पट सावध होते. आयर्लंडमध्ये लेट्रिम, लाँगफर्ड अशा कमी वस्तीच्या भागांत सवलतीच्या जोरावर घरं बांधली गेली. तेजी फुटल्यावर २०१० मध्ये सरकारने मोजणी केली तेव्हा देशभरात २,८०० हून जास्त अर्धवट गृहप्रकल्प निघाले. लोकांनी सवलत विकत घेतली होती, त्यासोबत घर आलं एवढंच.

आता ज्या गोष्टीत मी स्वतः पैसे घालवले ती. मॅनेजर. लोक आधी घर घेतात आणि मग ते सांभाळायला माणूस शोधतात. मीही तसंच केलं होतं. पहिल्या दूरच्या घराला मिळालेला मॅनेजर फोनवर फार गोड होता, दर महिन्याला फोटोसह हिशोब पाठवायचा. मार्चमध्ये गिझर बदलल्याचं बिल आलं, पुढच्या जानेवारीत पुन्हा गिझरचं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा मागच्या टाइलला त्याच कोपऱ्यात तीच तडा दिसली, आणि गिझरवर पाण्याचा तोच ओघळ. फोटो एकच होता, फक्त थोडा कापलेला. तोवर अकरा महिने गेले होते आणि असे आणखी काय काय कापलेले फोटो मी मंजूर केले होते देव जाणे. त्यानंतर दोन नियम केले: ठराविक रकमेच्या वरची दुरुस्ती मला विचारल्याशिवाय नाही, आणि नव्या वस्तूच्या फोटोत अनुक्रमांक दिसलाच पाहिजे. आणि तिसरा, सगळ्यांत उपयोगाचा: आधी मॅनेजर, मग घर. शहर ठरलं की घरं बघण्याआधी तिथल्या तीन मॅनेजरांना भेटा आणि विचारा, "कोणत्या रस्त्यांवरची घरं तुम्ही सांभाळायला घेत नाही?" हा माणूस विकत काही नाही, त्यामुळे खोटं बोलायचं त्याला कारण नाही. तिघांनी एकाच गल्लीचं नाव घेतलं तर त्या गल्लीतल्या ९ टक्क्यांचा उलगडा झाला. मग त्यांनी सांभाळायला आवडतात म्हणून सांगितलेल्या भागात शोधा. तिथे परतावा कमी दिसेल, पण वर्षाअखेरीला तो खात्यात असेल.

वकील मात्र तुमचा हवा. विक्रेत्याने किंवा एजंटने सुचवलेला नको, तो कितीही सज्जन असला तरी. मालकीची नोंद त्या ठिकाणी कशी होते हे त्याच्याकडून समजून घ्या, कारण इथे जगात दोन वेगळ्या रीती आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेल्या टॉरेन्स पद्धतीत सरकारी नोंदवहीत नाव आहे तोच मालक, आणि त्या नोंदीमागे सरकार उभं असतं. दुसऱ्या रीतीत सरकार फक्त दस्त नोंदवतं. विकणारा खरंच मालक होता का, याची हमी देत नाही. तिथे मागच्या कित्येक वर्षांची साखळी तपासावी लागते आणि जिथे सोय आहे तिथे मालकीहक्काचा विमा घ्यावा लागतो. तुमच्या शहरात एक रीत असेल आणि तिकडे दुसरी, तर तुमचा आजवरचा अनुभव उलट घात करतो.

देशाबाहेर बघत असाल तर तुम्हाला तिथे मालक होता येतं का, इथपासून सुरुवात. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन नावावर करता येत नाही, आणि कॉन्डोमिनियमच्या, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची वेगळी मालकी असलेल्या, इमारतीतही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात राहतं घर बँकेच्या न्यासामार्फत घ्यावं लागतं. असे नियम दिसले की कुणीतरी हमखास सांगतो, 'स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, आतून करार करू.' हे ऐकलं की उठा आणि चहा न घेता निघा.

नियम बदलतात हेही धरून चाला, आणि ते कुणाच्या बाजूने बदलतात ते बघा. तुम्ही तिथले मतदार नाही. घरं महाग झाली, लोक चिडले, की पहिला हात बाहेरच्या मालकावर पडतो. न्यूझीलंडने २०१८ मध्ये बहुतेक परदेशी लोकांना तयार घरं घ्यायला बंदी केली, कॅनडाने जानेवारी २०२३ पासून. सिंगापूरने एप्रिल २०२३ मध्ये परदेशी खरेदीदारांवरचं जादा मुद्रांक शुल्क ६० टक्के केलं. पर्यटकांना रोजच्या भावाने घर देण्याच्या हिशोबावर तर मी आता एकही सौदा करत नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून त्यावर कडक नोंदणी लावली, आणि बार्सेलोनाने २०२८ च्या अखेरीपर्यंत असे सगळे परवाने बंद करायचं जाहीर केलंय. बर्लिनने २०२० मध्ये भाड्यावर कमाल मर्यादा घातली, २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या काळात ज्यांचे कर्जाचे हप्ते भाड्यावर चालत होते त्यांनी काय केलं असेल, विचार करा. घर साध्या, वर्षाच्या भाड्याने दिलं तर हिशोब जुळतो का? जुळत नसेल तर सोडा.

चलनाबद्दल एकच सांगते. कमाई एका चलनात आणि कर्ज दुसऱ्यात असं करू नका, व्याज कितीही कमी असलं तरी. पोलंडमध्ये लाखो लोकांनी स्वस्त व्याजासाठी स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली होती. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची ठरवून दिलेली मर्यादा सोडली, फ्रँक एकदम महागला आणि एका सकाळी सगळ्यांचं कर्ज फुगलं. घर तेच, पगार तोच.

राहिलं बाहेर पडणं. त्या भागातली विकलेली घरं जाहिरातीनंतर किती दिवसांनी विकली गेली ते विचारा, आणि घेणारे कोण होते तेही. तिथे राहायला आलेली कुटुंबं घेत असतील तर ठीक. घेणारे सगळे तुमच्यासारखेच दूरचे गुंतवणूकदार असतील, तर उद्या तुम्हाला विकायचं असेल तेव्हा तुम्हालाही असाच कुणी दूरचा माणूस शोधावा लागेल, ज्याने फोन करून चौकशी केलेली नाही.

तर, शुक्रवार. टोकन देऊ नका. एजंटला उद्या तीन गोष्टी पाठवायला सांगा: भाडेकरूकडून आलेल्या बारा महिन्यांच्या भाड्याच्या बँकेतल्या नोंदी, इमारतीच्या मेंटेनन्सचा थकबाकीसह हिशोब, आणि हे घर पहिल्यांदा कधी, कोणत्या भावाला विकायला काढलं होतं ती तारीख. तिसरी गोष्ट ऐकून तो बहुधा विषय बदलेल. मग ते दोन फोन करा. तोवर 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' असं कळलं तर त्याला शुभेच्छा द्या. आणि तीन आठवड्यांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली, म्हणजे भाव थोडा उतरवून नवा शुक्रवार टाकलेली, तर माझ्याकडे पाठवा. आपण दोघं मिळून तो हिशोब पुन्हा मांडू.